डावीकडचा काना : किट लेन्सच्या चाचणीची वही

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

श्रीखंड-पुरी खाऊन जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात भाची कॅमेरा घेऊन हजर. कॅनन १२००डी आणि त्याच्यासोबत येणारी किट लेन्स, १८-५५ आयएस टू. गेल्या वर्षी कॉलेजातल्या एका सीनियरकडून घेतलेला जुना संच.

"मामा, ही लेन्स बेकार आहे नं. सगळे म्हणतात, किट लेन्स म्हणजे फुकटात आलेला डबा. मला पन्नास एमएम घेऊन दे."

फोटो पाहिले. फुटाळा तलावाच्या काठावर मैत्रिणींचा ग्रुप. मधल्या दोघी ठीक, डावीकडची मुलगी पाण्यातून पाहिल्यासारखी. आधी वाटलं, हात हलला असेल. पण हात हलला तर सगळाच फोटो हलतो, एकटी डावी बाजू नाही.

किट लेन्स खरंच बेकार असते का, हा प्रश्न माझ्या फोटोग्राफीच्या रविवारच्या वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतं आणि मी दर वेळी ऐकीव उत्तर देतो. या खेपेस पाहूनच घ्यावं म्हणतो. घरात आणि ओळखीत मिळतील तेवढ्या किट लेन्स गोळा करायच्या, एकाच भिंतीवर लावायच्या. ही वही त्यासाठीच.

२ एप्रिल

गोळा झालेला माल (१८-५५ हा एमएममधला झूमचा पल्ला, आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद; आयएस, व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय):

भाचीची कॅनन १८-५५ आयएस टू. माझी जुनी निकॉन १८-५५ व्हीआर, २००७ सालचं मॉडेल, डी५३०० वर. वर्गातल्या एकाची निकॉन १८-५५ एएफ-पी व्हीआर, डी३४०० सोबत आलेली. शेजारच्या काकांची कॅनन १८-५५ एसटीएम, २००डी सोबतची, जिचं तोंडच (प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा लहान, तेवढं छिद्र मोठं) एफ/४ पासून सुरू होतं. सोनी ए६००० ची १६-५०. आणि ताडून पाहायला कॅननची ५० एमएम एफ/१.८.

एक गंमत आजच झाली. एएफ-पी लेन्स मेहुण्याच्या डी३२०० वर चढवून पाहिली. फोकस होईना. मग हाताने रिंग फिरवली, तरी ढिम्म. त्या रिंगमधून काचेपर्यंत यांत्रिक जोडणीच नाही. रिंग फक्त कॅमेऱ्याला इशारा देते, आणि डी३२०० ला तो इशारा कळत नाही. डी३१००, डी५१०० यांचंही तेच. डी५३०० ला फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर कळतो. जुन्या बाजारात "निकॉन १८-५५, एकदम नवी" म्हणून स्वस्तात कुणी देत असेल, तर आधी आपल्या बॉडीचं, म्हणजे कॅमेऱ्याचं, नाव सांगावं. नाहीतर लेन्स उत्तम आणि उपयोग पेपरवेटचा.

फिल्मच्या काळात बरीच वर्षं कॅमेऱ्यासोबत पन्नासची लेन्स यायची, आणि ती चांगली असायची. २००३ मध्ये कॅननचा ३००डी आला, त्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान. त्यावर पन्नास लावली की ती ऐंशीसारखी वागते, घरातल्या खोलीत माणूस मावत नाही. म्हणून १८ पासून सुरू होणारी, हलकी, प्लास्टिकची, स्वस्त झूम सोबत द्यायला लागले. 'डबा' हे नाव बहुधा तिथूनच चिकटलं असावं.

४ एप्रिल

हॉलच्या भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली. पूर्ण उघडलेले नऊ ताव, तीन गुणिले तीन. रुंदी सुमारे दोन मीटर. प्रत्येक फोकल लेंग्थला, म्हणजे त्या एमएमच्या आकड्याला, ट्रायपॉड मागेपुढे करून तेवढीच भिंत फ्रेममध्ये घ्यायची. अठराला दीड-पावणेदोन मीटरवरून, पंचावन्नला जवळपास पाच मीटरवरून. पाच मीटरसाठी ट्रायपॉड स्वयंपाकघराच्या दारात गेला, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं.

रात्री साडेदहापर्यंत शंभरेक फोटो काढले. कॉम्प्युटरवर पाहतो तर सगळ्याच लेन्स दळभद्री. पन्नाससुद्धा! उजवीकडचे ताव तर कुठल्याच फोटोत धड नाहीत.

कारण कळायला अर्धा तास लागला. कूलर. उजव्या खिडकीतला कूलर चालू, त्याच्या हवेने कागद फडफडताहेत आणि शटर पाव सेकंदाचं. आजचे शंभरही फोटो वाया.

५ एप्रिल

कूलर बंद. एप्रिलमध्ये नागपुरात कूलर बंद करून हॉलमध्ये उभं राहणं ही वेगळीच चाचणी आहे. बायको दारातून म्हणाली, "अहो, गरमीत पेपर वाचून राहिले का?" पेपरच वाचत होतो खरं तर.

आज नीट बसवलं. भिंतीच्या मधोमध एक छोटा आरसा सपाट चिकटवला, कोपऱ्यावरच्या पानठेल्यात लावतात तसा. लेन्समधून पाहताना आरशात आपल्याच लेन्सचं तोंड बरोबर मधोमध दिसलं, की कॅमेरा भिंतीशी काटकोनात. एवढ्या साध्या युक्तीने कालची निम्मी भानगड मिटली असती. आयएस आणि व्हीआर बंद, कारण ट्रायपॉडवर ते स्वतःच हलवाहलवी करू शकतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून फोकस. दोन सेकंदांचा टायमर. आयएसओ १००. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने हात न लावलेली कच्ची फाइल.

बॉडी वेगवेगळ्या आहेत ही अडचण राहतेच. १२००डी चे पिक्सेल १८ दशलक्ष, म्हणजे आडवे ५१८४. दोन मीटर भिंतीला वाटले तर मिलीमीटरला अडीच-पावणेतीन पिक्सेल. बातमीतलं अक्षर तीन मिलीमीटर उंच धरलं तर त्याच्या वाट्याला जेमतेम आठ. २४ दशलक्षवाल्या डी५३०० आणि ए६००० कडे तेच अक्षर नऊ पिक्सेलांत येतं. म्हणून सगळे फोटो ५१८४ वर आणूनच शेजारी ठेवतो. पूर्ण न्याय नाही, पण निदान ढळढळीत अन्याय तरी नाही.

६ एप्रिल, रामनवमी

भिंतीला सुट्टी. पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेला भाची किट लेन्स घेऊन, मी पन्नास घेऊन. दिवेलागणीनंतर फरक उघडा पडला. पंचावन्नला किट लेन्सचं तोंड एफ/५.६, पन्नासचं १.८. प्रकाशाचा हिशोब मांडला तर जवळजवळ दहापट. तिचं शटर सेकंदाच्या एक विसांशावर अडकलेलं, माझं एक दोनशांशावर. चित्ररथावरची मुलं तिच्या फोटोत पुसट, माझ्यात स्थिर.

"पण आयएस आहे नं यात?"

आयएस तुझा हात धरतो, रथावरच्या पोरांना धरत नाही. तिला म्हटलं, अठरावर ये, तिथे ३.५ मिळतात, आणि गर्दीत घुस. घुसली. तिथून आणलेले चार-पाच फोटो माझ्यापेक्षा सरस निघाले, हे लिहिताना जरा जिवावर येतं.

९ एप्रिल

आज निवांत बसून भिंतीचे फोटो वाचले. या सगळ्या उद्योगात मला खरा लाभला तो आजचा दिवस.

परदेशी चाचण्यांत रेघांचे तक्ते वापरतात. माझ्याकडे मराठी पेपर, आणि तो तक्त्याहून चांगला निघाला. प्रत्येक शब्दावर आडवी शिरोरेषा, तिच्यापासून खाली उभे काने, वर अनुस्वाराचे ठिपके. आडवी रेघ, उभी रेघ, बिंदू, तिन्ही एकाच अक्षरात.

माझी जुनी निकॉन, १८ वर, पूर्ण उघडी. फ्रेमच्या डाव्या कडेला, उंचीच्या मध्यावर, शिरोरेषा ठीक आहे. काना मात्र दुहेरी, एका अंगाला लालसर, दुसऱ्या अंगाला निळसर-हिरवट झालर. उजव्या कडेलाही काना तसाच, फक्त रंगांच्या बाजू उलट. मग फ्रेमच्या वरच्या कडेला, मध्यावर पाहिलं. तिथे काना स्वच्छ आणि झालर शिरोरेषेला!

थोडा विचार केल्यावर उलगडलं. लेन्स लाल आणि निळ्या रंगाची प्रतिमा थोड्या वेगळ्या आकाराची पाडते. मध्यापासून जितकं लांब, तितका रंग बाहेरच्या दिशेने सरकतो. डाव्या कडेला 'बाहेर' म्हणजे आडवं. त्यामुळे आडवी शिरोरेषा स्वतःच्याच अंगावर सरकते, दिसत नाही. उभा काना मात्र फाटतो. वरच्या कडेला 'बाहेर' म्हणजे उभं, तिथे अगदी उलट. खात्री करायला डावीकडचा एक ताव आडवा करून लावला. आता शिरोरेषा उभी झाली आणि झालर तिला आली. रात्री अकरा वाजता एकटाच हसलो.

ही रंगाची झालर सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीने जाते, म्हणून तिचे गुण फार कापले नाहीत. झालर काढल्यावर उरलेला काना किती जाड, ते खरं. जुन्या व्हीआरचा उघड्या तोंडाने जाड, एफ/८ वर बरा. एएफ-पी चा ५.६ वरच बारीक, कडेलासुद्धा. एसटीएम तिच्या मागोमाग. हे तिन्ही 'डबे' ८ वर ठेवले तर मध्यभागी मला पन्नासपेक्षा वेगळे ओळखता येईनात. ११ नंतर सगळेच एकसारखे मऊ व्हायला लागतात. तो दोष काचेचा नाही, बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याचा.

सोनीचं प्रकरण निराळं. रॉ डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स दुरुस्ती न लावता उघडली आणि १६ वर भिंत पुरीसारखी फुगलेली, चारही कोपरे काळवंडलेले. कॅमेऱ्यातल्या जेपेगमध्ये हे काहीच दिसत नाही, कारण तिथे ते ताणून सरळ करून मिळतं. कोपरे ताणले की तिथलं अक्षर विरळ होणारच. अनुस्वार कोपऱ्यात तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. पण लेन्सचं वजन फक्त ११६ ग्रॅम आणि बंद केली की खिशात मावते. बनवणाऱ्याने ठरवूनच कोपरे देऊन आकार घेतलाय. २० च्या पुढे ती बरी वागते.

आता भाचीची आयएस टू. १८ वर जुन्या निकॉनच्या बरोबरीची. ३५ वर चांगली. ५५ वर उजवी कड ठीक, डावी कड गेलेली. आणि इथे फरक लक्षात घ्यायचा: बाकी लेन्समध्ये डाव्या कडेला आधी काना बिघडतो, शिरोरेषा शेवटपर्यंत तग धरते. हिच्यात दोन्ही एकदम गेलेत. अनुस्वार तर मात्रेत मिसळलाय.

फुटाळ्याच्या फोटोतली डावीकडची मुलगी आठवली.

११ एप्रिल

आधी आपलीच चूक तपासायची. भिंत तिरपी असेल, ताव फुगला असेल. कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा टांगला, पायाखालची बाजू वर. भिंतीचा दोष असता तर भिंतीची डावी बाजूच पुसट राहिली असती. तसं झालं नाही. आता भिंतीची उजवी बाजू पुसट. म्हणजे दोष कॅमेऱ्यासोबत उलटला.

बॉडीचा माउंट (लेन्स बसते ती कडी) असेल? काकांची एसटीएम त्याच १२००डी वर लावली, दोन्ही कडा सारख्या. दोष लेन्सचाच.

मग डाव्या कडेवर फोकस करून एक फोटो काढला. डावी कड लख्ख झाली आणि उजवी गेली! म्हणजे काच खराब नाही. आतला काचांचा एखादा गट तिरका बसलाय, आणि फोकसची पातळी भिंतीला समांतर असण्याऐवजी अर्धवट उघडलेल्या दारासारखी झाली आहे.

भाचीला फोन केला. "लेन्स कधी पडली होती का?"

बराच वेळ शांतता. "स्कूटीच्या डिक्कीतून, एकदा. पण काच नव्हती फुटली मामा."

१३ एप्रिल

वर्गातल्या आणखी एकीकडे हीच आयएस टू आहे हे आज कळलं. दुपारी मागवून घेतली. तेच नाव, तोच बिल्ला. ५५ वर दोन्ही कडा सारख्या, पूर्ण उघड्या तोंडाने किंचित मऊ, ८ वर व्यवस्थित. दोन आयएस टू मधला हा फरक, चांगली आयएस टू आणि एसटीएम यांच्यातल्या फरकाहून कितीतरी मोठा आहे. मॉडेलच्या नावावरून लेन्सचे गुणदोष सांगत मी इतकी वर्षं वर्ग घेत आलो.

रात्री सगळे मिळून संविधान चौकात. बाबासाहेबांच्या जयंतीची पूर्वसंध्या, दिव्यांची आरास, मध्यरात्रीसाठी लोटलेली माणसं. ट्रायपॉड उघडायला जागाच नव्हती. कठड्याला टेकून एफ/११ वर दिवे टिपले. आयएस टू मध्ये दिव्याला सहा टोकं, बाकीच्यांत चौदा. लेन्सचं तोंड लहान-मोठं करणारी पाती सहा असली की टोकं सहा, पाती सात असली की दुप्पट. त्यात चांगलं-वाईट काही नाही, पण पोरांना हे फार आवडलं आणि बाकीची लेन्स-चर्चा तिथेच संपली. जलेबी खाऊन घरी.

१९ एप्रिल

भिंत फार जवळची, लांबचं पाहू म्हणून गच्चीवर. चारशेएक मीटरवर पाण्याची टाकी, तिची शिडी आणि कठड्याच्या सळया. दुपारी चार वाजता गेलो, ही अक्कल. सळया नागिणीसारख्या वळवळत होत्या. तापलेल्या गच्च्यांवरून उठणाऱ्या हवेने एकही फोटो जुळेना. लागोपाठच्या दोन फोटोंत वेगवेगळी सळई वाकडी. उन्हाळ्यातल्या नागपुरात दूरच्या वस्तूवर लेन्स तपासून "सॉफ्ट आहे" म्हणणाऱ्यांनी आधी हवेला दोष द्यावा.

२० एप्रिल

सकाळी सहा वाजता पुन्हा गच्ची. हवा स्थिर. भिंतीवर दिसलं तेच दिसलं, नवीन काही नाही.

कूलरवरून आठवलं म्हणून लिहून ठेवतो. माझ्या जुन्या व्हीआरमध्ये टॉर्च मारून पाहिलं तर मागच्या काचेच्या कडेला बुरशीचा एक धागा. पावसाळ्यात सगळेच सिलिका जेल ठेवतात. पण उन्हाळ्यात आपण कॅमेऱ्याची बॅग कूलरच्याच खोलीत ठेवतो, आणि तिथली हवा तीन महिने ओली असते. माझी बॅग दहा वर्षं तिथेच होती. आजपासून आतल्या खोलीतल्या कपाटात.

२६ एप्रिल

भाचीला घेऊन सीताबर्डीला, दुरुस्तीवाल्या काकांकडे. त्यांनी लेन्स कानाजवळ हलवली, पुढची नळी बोटांत धरून डुगडुगवली.

"भाऊ, खोलून तर देतो. पण बसवल्यावर सेंटर लागलंच पाहिजे याची ग्यारंटी आपल्याजवळ नाही. त्याले यंत्र लागते. आन् पैसे जेवढे लागतील, तेवढ्यात दुसरी जुनी येऊन जाते."

सरळ माणूस. काहीही न घेता परत दिली. भाची म्हणाली, मग पन्नासच घेऊ. मी म्हटलं, घे, पण पन्नासमध्ये फुटाळ्यावरच्या सहा मैत्रिणी मावणार नाहीत, तुला तळ्यात उभं राहून फोटो काढावा लागेल.

४ मे

१२ × १८ इंची प्रिंट काढल्या, प्रत्येक किट लेन्सची एक. सगळ्या ३५ च्या आसपास आणि एफ/८ वर, अंगणातला तोच मोगरा. मागे पेन्सिलीने आकडे. घरच्यांसमोर मांडल्या. मेहुण्याने एएफ-पी उचलली, बायकोने सोनी ("याच्यात हिरवा छान आला"), आणि ताईने स्वतःच्या मुलीची पडकी आयएस टू. ३५ वर आणि ८ ला तिचा तिरकेपणा प्रिंटमध्ये मलाही शोधावा लागला. शेजारच्या काकांनी भिंग मागितलं, ते सापडलं नाही.

वर्गाच्या फळ्यावर एवढंच लिहिणार आहे: नवी-जुनी कुठलीही किट लेन्स घेतली की पहिल्या आठवड्यात पेपर, आरसा आणि उलटा कॅमेरा. वॉरंटी असेल तर लगेच दाखवता येते.

११ मे

सकाळी साडेसहाला झीरो माइल. वाळूच्या दगडाचा खांब, चार घोडे, मेट्रो अजून रिकामी. भाची तीच लेन्स घेऊन आली, ५५ वरच. म्हटलं, अगं ३५ वर राहा. ऐकेना.

खांबासाठी कॅमेरा उभा धरला, पण नेहमीसारखा ग्रिप वर करून नाही, ग्रिप खाली. मी टोकणार होतो. मग लक्षात आलं, तसं धरलं की फ्रेमची डावी बाजू वर जाते, आणि वर नुसतं आकाश होतं.

"किती दिवसांपासून असं धरून राहिली?"

"तू फोन केला होता नं, त्या दिवसापासून."

घोड्याच्या आयाळीची रेघ न् रेघ आली आहे. उद्या प्रिंटला टाकतो. पन्नासचं दिवाळीत पाहू.